ती कुत्र्याची सीट आहे

तिथे नको, तिथे नको — ती कुत्र्याची सीट आहे. हसताय काय, खरंच सांगतोय. मालकांचा कुत्रा. त्याला खिडकी लागते आणि तोंड पुढे लागतं. मागे तोंड करून बसवला की ओकतो. तुम्ही इकडे या, माझ्या उजव्या हाताला. हां, अशा. बसा आरामात, विमान हँगरमध्ये उभं आहे, कुठे जात नाहीये — पट्टा लावलात? उभ्या विमानात? चांगलंय, चांगलंय. मीही लावतो. घरी जेवायला बसलो तरी माझा हात आधी कमरेकडे जातो. आमची ही म्हणते, आता पहिला घास घ्यायलाही टॉवरची परवानगी मागा.

काकूंकडे चहा झाला ना? हो, त्याच, ऑफिसातल्या — चष्मा कपाळावर आणि नजर तुमच्यावर. आमचा हिशेब बघतात. प्रेमळ बाई. जरा चौकशा फार करतात, पण वयच तसं असतं — माझ्याहून लहान आहेत म्हणा. असो. तर तुमच्या उडवण्याबद्दल मी काही विचारणार नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत दीड-दोनशे माणसं पाठीशी घेऊन तुम्ही रोज उडता, तुम्हाला मी काय विचारू, विमान खाली कसं आणतात? कप्पाळ. इथे उडवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. बाकीचं ऐका आणि मग ठरवा. घाई नाही. मला तर अजिबातच नाही.

का नाही, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही बाहेर जाऊन कुणाकडून तरी ऐकणारच. मालक मला म्हणाले, ‘कॅप्टन, आता वय झालं. तुमच्या जागी माणूस तुम्हीच शोधा. तुम्ही हो म्हणालात की तो आला आणि तुम्ही सुटलात.’ सुटलात! जसा काही मी तुरुंगात आहे. म्हणजे बघा, मी फोन करून ‘हो’ म्हटलं की माझं उडणं संपलं, आणि ‘नाही’ म्हटलं की पुढचा उमेदवार येईपर्यंत मीच कॅप्टन. गेलं वर्षभर मी ‘नाही’ म्हणतोय. आता ह्यात माझा स्वार्थ आहे का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, आणि रोज उत्तर येतं — छे. पण ते इतकं चटकन येतं ना, की त्या चटकनचाच मला संशय येतो.

तर काम. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, आणि पहिल्यांदा काय बघायचं? इंजिन? नाही. बर्फ. बर्फ आहे का, आणि तो चौकोनी आहे का. मालकांना गोल चालत नाही. मग उशा. उशीला सुरकुती दिसली की मॅडमच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, कपाळाला दिसते. मग बॅगा — हो, आपणच चढवायच्या, टाय सांभाळून. मग संडास. त्या मागच्या छोट्या दाराआड. तो कोण साफ करतो, असं तुमच्या चेहऱ्यावर आलं… नाही आलं? बाकीच्यांच्या आलं होतं. मी वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट केलीय, बरं का. पंखाच्या टोकाशी हवा कशी भोवरा घेते ह्यावर साडेतीनशे पानं लिहिली. आता रबरी हातमोजे घालून त्या टाकीकडे बघताना कधीकधी वाटतं, भोवरा इथेही आहेच, फक्त प्रबंध नाही. आणि मालकांच्या आई! त्यांना पायरीवर हात द्यायचा. त्या मला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. ‘ड्रायव्हर, वर रस्ता चांगला आहे ना?’ मी म्हणतो, आहे आई, एखाददुसरा खड्डा लागेल. खूश होतात. तुमच्या कंपनीत तुम्हाला सॅल्यूट मिळत असेल. इथे ओल्या कुत्र्याचा पंजा मिळतो.

आणि वाट बघणं — ते तर विसरूच नका. दोन तास उडायचं आणि मग तीन दिवस हॉटेलच्या खोलीत फोनकडे बघत बसायचं. मालक म्हणतात, निघू. आपण तयार. मालक म्हणतात, जेवून निघू. आपण टाय सैल करतो. मालक म्हणतात, उद्या बघू. अशाने माणूस चिडका होतो, संसार मोडतो. माझा नाही मोडला. उलट आमची ही घाबरलीय ती मी कायमचा घरी येणार म्हणून. मागे आठवडाभर घरी होतो तर फोडणी देण्याआधी, उड्डाणाआधी करतो तसं, तिच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं — गॅस? चालू. तेल? गरम. मोहरी? तिने झारा उगारला. आता रोज सकाळी माझ्या शर्टाला अशी कडक इस्त्री करते, जसं काही त्या इस्त्रीवरच माझी नोकरी टिकून आहे.

घाबरलात का? नाही? बरं.

आता खरी गोष्ट. हा पडदा बघा. तुमच्या मोठ्या विमानात पायलटच्या पाठीशी जाडजूड दार असतं. इथे पडदा. मागे बसलेला माणूस शिंकला तर पुढे आपण रुमाल काढतो, इतकं ऐकू येतं. कोण कुणाची कंपनी गिळणार, कुणाचा घटस्फोट, कुणाची रडारड — सगळं येऊन कानावर आदळतं, आणि आपण मान वळवायची नाही. मान वळवली की संपलं. मागे एक पोरगा आला होता, काय हात होता त्याचा, लोण्यासारखं विमान खाली ठेवलं! पण मागे कुणी हसलं की ह्याचे खांदे हलायचे. ऐकत होता! मी ‘नाही’ कळवून टाकलं. दुसरा एक तर मॅडमना म्हणाला, ‘तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं.’ अरे, तुला कुणी सांगितलं वाईट वाटून घ्यायला? ऐकायचं आणि पोटात ठेवायचं, मरेपर्यंत. ह्या नोकरीत कान तिखट हवेत आणि तोंड —

काय? कशाकडे बोट दाखवताय? सीटवर काय आहे? कोट. माझाच कोट आहे तो. कोटात काय… फोन? वाजतोय? आत्ता? — अरेच्चा, हो की. बराच वेळ वाजत होता का? बघा, हे एसीचं असं असतं, एवढी घरघर की शेजारचा फोन — बंद आहे? हो. बंदच आहे एसी. उभ्या विमानात कसा चालू असेल. बरोबर.

असं बघू नका हो. बहिरा नाहीये मी. जाड आवाज सगळे येतात. तुमचा येतो, उजवीकडून. मालकांचा तर हँगरच्या पलीकडून येतो. बारीक आवाज तेवढे… हरवतात मध्येच कुठेतरी. त्यात काय मोठंसं? शेजारी आमचा छोटे असतो — सहवैमानिक, नाव काहीतरी लांबलचक आहे, सगळे छोटेच म्हणतात. टॉवर काही म्हणाला की छोटे ते मोठ्याने परत म्हणतो. इशाऱ्याची घंटी वाजली की छोटे बोट दाखवतो आणि मी तिकडे बघतो. उत्तम चाललंय. त्याला वाटतं, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. मी तसं वाटू दिलंय. आणि वैद्यकीय तपासणीचं म्हणाल तर डॉक्टर आमचे जुने. कान तपासायला पाठीमागे उभे राहून कुजबुजतात, ‘पंचवीस’. दर वर्षी पंचवीसच. मी जोरात म्हणतो, ‘पंचवीस!’ दोघंही खूश. कुणाचं काही बिघडलं? नाही ना? पुढच्या महिन्यात छोटे तुमच्याच कंपनीत चाललाय, मोठी विमानं उडवायला. मग काय करायचं ते मी अजून… ते बघू.

हे मी का बोललो? मी हे बोलणार नव्हतो. फोन. थांबा, फोन काकूंचाच होता, मी लावतो परत. — हां, काकू. बोला. जरा जाड आवाजात बोला… हो, इथेच आहेत, शेजारी… ह्या काय म्हणाल्या? काहीच नाही? दोनदा विचारलंत? खोदून विचारलंत ना, नेहमीसारखं? आणि?… हवा छान आहे म्हणाल्या?… बरं. ठेवतो.

तर. आता सांगायला हरकत नाही. सकाळी फाटकापाशी मी तुमच्या कानात म्हटलं होतं ना, की मालक हे विमान विकणार आहेत, कुणाला बोलू नका? थाप होती. प्रत्येकाला तीच मारतो आणि मग काकूंकडे चहाला पाठवतो. आजवर एकाच्याही पोटात तो चहा आणि ती थाप एकत्र राहिली नाही. कप अर्धा व्हायच्या आत ओकून मोकळे. कुत्रा परवडला. आणि तुम्ही म्हणालात, हवा छान आहे. संडासाला घाबरत नाही, आईसाहेबांना घाबरत नाही, उभ्या विमानात पट्टा लावता, आणि मी मघापासून बडबडतोय तर तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. म्हणजे मला ‘नाही’ म्हणायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. हे बरं नाही केलंत.

उठलात? इकडे डाव्या हाताला कुठे… अहो, ती कुत्र्याची — बसा, बसलातच तर. काय? ओठ हलतायत तुमचे. पुन्हा म्हणा. हळू बोलताय तुम्ही, मुद्दाम… हळू नाही बोलत?

पंचवीस?

नाही. पंचवीस नव्हतं ते. तुमचे ओठ तसे नव्हते.

बरं. मी मालकांना ‘हो’ कळवतो. आत्ताच, तुमच्यासमोर. त्यांचा आवाज येतो मला, काळजी नको. तुम्ही निघा. पायरीला सांभाळून, पहिली जरा उंच आहे. आणि हे बघा, बाहेर काकू उभ्या असतील चष्मा कपाळावर ठेवून, विचारतील, कॅप्टन काय काय बोलले. पडद्याच्या मागचं पोटात ठेवायचं म्हटलं ना मी? ते मागचं. हे पुढचं आहे. हे सांगा त्यांना. शब्दन् शब्द सांगा, आणि छोटेलाही ऐकू जाईल असं सांगा — परत फिरू नका आता, जा. तुम्ही काही म्हणालात तरी मला ऐकू येणार नाहीये.