अकरावी रहस्यकथा

कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या प्रमोदिनीला शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकण नसतं. खापरखेड्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर लायब्ररीतली जाड रहस्यकथा होती, आणि त्याच्या बाजूला बसलेली बाई विचारत होती,

“चांगली आहे का हो काका?”

“कायची चांगली! तारखांवर येऊन बसतो, तं अकरा वाचून झाल्या. साऱ्या झूठ.”

“काहून?”

“खून झाला का पहिले कोणालेच काही मालूम नसते. मंग शेवटी तो डिटेक्टिव्ह साऱ्यायले एका खोलीत बसवते अन् नाव सांगते. असं कुठी होते काय?”

“मंग कसं होते?”

“माझ्या पोराले भर चौकात मारलं, सारी वस्ती पाहून राहिली होती. पहिल्याच दिवशी साऱ्यायले नाव मालूम होतं. आता एकेक साक्षीदार येते अन् म्हणते, मी तं त्या दिवशी गावातच नव्हतो.”

“आज कोणाची साक्ष आहे?”

“शेवटची. माझ्या लहान्या भावाची.”

“मंग काहून चिंता करता? घरचाच माणूस आहे.”

“सकाळी बसस्टँडवर त्याच्यासाठी तीन बसा सोडल्या मी.”

“आलाच नाही?”

“आला ना. आत्ता गेटवर उतरला. आरोपीच्या बापाच्या गाडीतून.”