मिसेस घाणेकर दिलगीर आहेत

बकुळाताई : चपरासी म्हणतो, जवाब लेकर ही जाऊँगा. अंगणात बसवलाय त्याला. म्हणून तुम्हाला शेजारून हाक मारली. नीट वाचा, गजाननभैया. स्टेशनात तीस वर्षं इंग्रजीच लिहिलंत ना?

गजाननराव : मालाच्या बिल्ट्या-पावत्या लिहिल्या, ताई. हे सोनेरी काठाचं छापील कार्ड. 'मिस्टर अँड मिसेस जे. एन. पिंपळखरे...' म्हणजे आपला जनूच की!

बकुळाताई : माझा धाकटा भाऊ, आणि सिविल लाइंसमध्ये राहायला गेल्यापासून सगळ्यांचा साहेब. त्याच्या कांचनचं लग्न ठरलं असणार. मऊरानीपुरच्या सरलेनं कानावर घातलं होतं. मी म्हटलं, जनू अक्षत घेऊन येईल तेव्हा खरं. त्याच्या घरापासून इथवर टांग्यानं पाव तासाची तर वाट.

गजाननराव : (कार्ड पुन्हा वाचून) ताई, हे लग्नाचं बोलावणं नाही.

बकुळाताई : मग कशाचं?

गजाननराव : चहापानाचं. रविवारी पाच वाजता, क्लबात. लग्न... तेवीस तारखेला ग्वाल्हेरला झालं, असं छापलंय.

बकुळाताई : आज किती?

गजाननराव : सत्तावीस.

बकुळाताई : म्हणजे लागलंसुद्धा?

गजाननराव : हो.

बकुळाताई : तिचं नाव मी ठेवलं, भैया. बारशाला तिच्या कानात 'कांचन' पहिल्यांदा मी म्हटलं. आत्या म्हणून तेवढा मान होता तेव्हा. बघा बरं, वर माझं नाव आहे तरी का?

गजाननराव : आहे. हातानं लिहिलंय. 'मिसेस बी. घाणेकर.'

बकुळाताई : जनूच्या अक्षरात?

गजाननराव : नाही. वळण कारकुनी आहे.

बकुळाताई : आईमागं मीच त्याला वाढवला. शाळेत होता तेव्हा इंग्रजी पत्रांचा धडा मोठ्यानं घोकायचा, माझ्या चुलीपुढं बसून. तो बोलावणं म्हणायचा, मी पोळ्या लाटता लाटता उत्तर द्यायची. अजून येतं मला. 'आय शॅल बी व्हेरी ग्लॅड टु कम.' हेच लिहायचं ना?

गजाननराव : ते मित्राच्या पत्राला, ताई. अशा कार्डाच्या उत्तरात 'मी' नसतो. एक तर 'मिसेस घाणेकर आनंदानं येतील', नाही तर 'मिसेस घाणेकर दिलगीर आहेत'.

बकुळाताई : जनूला मी असं कळवायचं?

गजाननराव : जनूला कुठं? उत्तर क्लबच्या सेक्रेटरीकडे मागवलंय. खुर्च्या किती मांडायच्या ते कळावं म्हणून.

बकुळाताई : म्हणजे तो वाचणारसुद्धा नाही?

गजाननराव : नसेल वाचत.

बकुळाताई : मग ते दुसरं लिहा. दिलगीर.

गजाननराव : रागाच्या भरात नको, ताई. उशिरा का होईना, बोलावलंय त्यानं.

बकुळाताई : बोलावलं नाही, भैया. यादीत घातलंय. लिहा तुम्ही.

गजाननराव : बरं. पण कारण द्यावं लागतं. 'आधीच ठरलेल्या कामामुळे' असं लिहितात.

बकुळाताई : मला कसलं आलंय काम रविवारी?

गजाननराव : काम असायलाच हवं असं नाही. साहेबलोक सगळे हेच लिहितात आणि वाचणाराही काही विचारत नाही.

बकुळाताई : खोटं कसं बोलायचं तेसुद्धा छापून ठेवलंय म्हणा की. लिहा तसंच.

गजाननराव : झालं. सही लागत नाही. देऊ चपराशाला?

बकुळाताई : थांबा. खाली एवढं घाला, की कांचनला आत्याचा आशीर्वाद.

गजाननराव : असल्या उत्तरात ते घालत नाहीत, ताई. वेगळी चिठ्ठी देतो लिहून, आपल्या मराठीत.

बकुळाताई : तिला मराठी वाचता कुठं येतं? बोललेलं तेवढं कळतं पोरीला.

गजाननराव : मग रविवारी जा आणि तोंडानंच सांगून या.

बकुळाताई : कशी जाऊ? मिसेस घाणेकरांना काम आहे ना.