पेटीवरचं कुंकू

बिदरहून मेहकरला जाणारी बस अजून सुटली नव्हती. पुढच्या बाकावर सिनेमा अर्धा सोडून आलेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. राजश्रीनं फोन पर्समध्ये टाकला आणि कान तिकडं लावले.

"वच्छला, रडायलीस कामून? लोकं बघायलेत."

"बघू द्या. जादूच्या कंदिलाची पेटी ती! तुमच्या आज्यानं गावोगाव भिंतीवर देव दाखवले तिच्यातनं. तुम्ही उचलून शिनेमावाल्यांना दिलात, अन् आज पडद्यावर डोळ्यादेखत जाळली की वो त्यांनी!"

"परत देतो म्हनलेत ते."

"काय देतेत, राख?"

"थांब जरा. जळाली त्या पेटीवर कुंकू होतं का?"

"कसलं कुंकू?"

"दर खंडेनवमीला तूच पाची बोटं वढतीस की तिच्यावर. थर बसलाय, घासून बी निघंना. शिनेमातला तंबूवाला तिच्यातनं देव दाखवायलता, तवा लालभडक दिसलं मला."

"व्हय, मला बी दिसलं. कोपरानं ढुसणी दिली न्हाई का तुम्हाला?"

"अन् पेटली तवा?"

"पेटली तवा... अगं बया! कोरी होती वो. कोरी करकरीत!"

"मग? जाळायला दुसरी केली असंल. आपली हाय."

"हाय वो, हाय! तुळजाभवानी पावली."

कंडक्टरनं शिट्टी मारली.

"उठा, उतरा," वच्छला नवऱ्याला म्हणाली.

"आता कुठं?"

"टाकीजात. आपली वाचली, पर त्या तंबूवाल्याची जळालीच न्हवं? त्या गरिबाचं पुढं काय झालं ते न बघताच घरी जायचं व्हय?"