टूसॉनची सहा आठवड्यांची थंडी

टूसॉनच्या हार्डवेअरच्या दुकानात ओफेलिया रांगेत उभी होती. पुढच्या बाईनं विषारी वायूचा अलार्म काउंटरवर आपटला.

"हा परत घ्या, काका. भट्टी लावल्यापासून नुसता कोकलतोय."

"घर तापवायची भट्टी? मेकॅनिकला दाखवलीत?"

"दाखवली. म्हणे आत चीर गेलीय, नवीनच बसवा. सहा आठवड्यांच्या थंडीसाठी चार हजार डॉलर कोण घालवतंय?"

"डोकं दुखतंय का कुणाचं?"

"दुखणारच की. दहा-अकरा महिन्यांची वाळवंटातली धूळ जळतेय आत. दरवर्षीचंच आहे ते."

"बाई, भट्टी आत्ता बंद आहे ना?"

"बंद कशाला? पोरं गारठतील."

"पोरं घरी आहेत?"

"झोपलीयत. हा एवढा बोंबलत होता, पण एकानंही कूस बदलली नाही बघा."