शेतकरी झाल्यावर बघितलेलं स्थळ

सरकारनं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला ना, त्यापायी आमच्या महेशचं लग्न मोडता मोडता राहिलं.

महेश माझा चुलतभाऊ. दाभोळला काकांच्या बोटीवर असतो. जयगडला मुलगी बघायला गेलो. तिचे वडील तिथल्या बंदरात नोकरीला. तिच्या आईनं विचारलं, "मुलगा काय करतो?"

काका ऐटीत म्हणाले, "आम्ही आता शेतकरी हो. सरकारनंच केलंय. कर्ज, वीज, सगळं शेतकऱ्यासारखं मिळणार."

आईनं पोह्यांची बशी हातातच धरली. "शेतकऱ्याकडं नको बाई. थोरली दिलीय, पावसाळाभर चिखलात असते."

मुलीलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं महेशला विचारलं, "भाताची लावणी येते तुम्हाला?"

"नाही."

"मग पावसात काय करता?"

"मासेमारी बंद असते. घरी बसून जाळी दुरुस्त करतो."

ती आईकडं वळली. "लावणीच्या दिवसांत घरी बसतो, तो कसला गं शेतकरी?"

बशी महेशपुढं आली.

परतताना फेरीबोटीत काका हळूच म्हणाले, "लग्न लागेपर्यंत आपण मच्छीमारच. बँकेत शिरलो की शेतकरी."