शेवटच्या चेंडूची खूण

सन्माननीय नगराध्यक्षबाई, फादर नोवाक, माझ्या शेजारी बसलेले आजचे सत्कारमूर्ती लाइल ड्राबेक, आणि गिरणीतून लवकर सुटून आलेल्या हार्लो क्रीकच्या माझ्या गावकऱ्यांनो,

आजपासून आपल्या बेसबॉलच्या मैदानाला लाइलचं नाव. चांगलं झालं. मीही टाळ्या वाजवल्या. आवाज कमी आला असेल, बोटं वाकडी आहेत. लाइलचेच चेंडू झेलून वाकडी झाली. तो फेकणारा पिचर, मी समोर तोंडाला जाळी बांधून उकिडवा बसणारा कॅचर. जाळीतला चेहरा पेपरात कोण छापणार?

खरं बोलू? मला याचा जन्मभर हेवा वाटला. त्याचे वाईट दिवस आले तेव्हासुद्धा. खांदा निकामी झाला, मोटारींचं दुकान बुडालं, दारू लागली, बायको डोरीन मुलींना घेऊन निघून गेली. सगळं गाव हळहळलं. माझं काहीच बुडालं नाही, तर माझ्यासाठी हळहळणार कोण? माझी बायको बर्निसच बघा, समोर बसून डोळे वटारतेय. सूप झालं की पहिला डबा वृद्धाश्रमात लाइलला, तळाचं मला. आणि डबा पोचवणार कोण? मीच.

लाइलला आता फारसं आठवत नाही, हे आपण जाणताच. दर रविवारी सूप पिताना म्हणतो, "गस, त्या मोठ्या सामन्याचं सांग की." मी सांगतो. त्या दिवशी त्यानं एकालाही फटका मारू दिला नव्हता. शेवटचा फलंदाज उरला. लाइलला जोरात फेकायचं होतं. मी मांडीआडून बोटांनी खूण केली, संथ टाक. यानं मान हलवली, नाही. मी पुन्हा तीच खूण केली. अखेर वैतागून संथ टाकला, आणि समोरच्याची बॅट नुसतीच हवेत फिरली. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? लाइलचं धाडस! आत्ता वाचलेल्या मानपत्रातही तेच आहे, नगराध्यक्षबाई.

त्याला सांगताना खुणेची गोष्ट मी गाळायचो. सगळं गेलेल्या माणसाकडून आणखी काय काढून घ्यायचं? तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा खूश व्हायचा. त्याचाही हेवा वाटायचा मला. गेल्या रविवारी मात्र राहवलं नाही. कॅचरच्या खुणेसकट सांगितलं.

लाइलनं चमचा खाली ठेवला. "मी त्याचं ऐकलं? मी तर कुणाच्या बापाचं ऐकत नव्हतो. म्हणजे तो कॅचर माझ्याहून शहाणा असणार." मग म्हणाला, "कोण होता रे तो?"

सगळी उमर हे ऐकायला तरसलो, आणि म्हणणाऱ्याला तो कॅचर मीच हे ठाऊक नाही. मी म्हटलं, होता एक, आपल्याच गावचा.

"भेटला तर सांग त्याला," लाइल म्हणाला, "आभार मानायचे राहून गेले."

लाइल, त्याला सांगितलंय. फार बरं वाटलं त्याला.

मंडळी, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. सत्काराच्या भाषणात नको ते मिसळलं असेल, काही अधिकउणं बोललो असेन, तर लाइलसारखं तुम्हीही विसरून जा.