हलका बार

मुरबाडच्या दवाखान्यात माझ्या शेजारी वैशाखरे गावचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याचा उजवा खांदा काळानिळा पडला होता. म्हातारी वैतागली होती.

"डॉक्टरला खरं सांगा. पडलो म्हणू नका."

"ठासणीच्या बंदुकीनं धक्का दिला, सांगतो."

"किती वेळा?"

"सात."

"समोर एक डुक्कर नाय, नि सात बार काढलेत?"

"अगो, बार हलका करत आणत होतो. दर खेपेला दारू कमी, गोळी बारकी. बारकी गोळी नळीत सैल बसते, म्हणून तिला प्लास्टिकची वाटी केली."

"माझी बाटल्यांची बुचं कापून."

"शेवटचा बार सरळ गेला."

"आणि आधीचे?"

"एक तुझ्या वालाच्या मांडवात गेला."

"जन्मभर जड गोळीनं भागलं. आता म्हातारपणी हे कशाला?"

"डोळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर परत येत नाय म्हणे."

"कधी सांगितलं?"

"दिवाळीत. पुढं भात तुलाच राखायचंय. परवाना तुझ्या नावावर करायला अर्ज टाकलाय. जड बाराचा धक्का तुला सोसायचा नाय."



"मंग माझ्या खांद्याला लावून बघायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या खांद्यावरनं मला काय कळणार?"